डबा दुसऱ्याचा, बॅरल तुमचं: पेलेट जुळवताना या चुका टाळा

बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडा संकुलातली रेंज असो, नाहीतर कोथरूडला एखाद्या हॉलमध्ये चालणारी दहा मीटर एअर रायफल शूटिंगची अकॅडमी, एक प्रश्न मला कुणी ना कुणी विचारतंच: "मॅडम, सगळ्यात चांगलं पेलेट कुठलं?" पेलेट म्हणजे एअर रायफलची शिशाची छोटी गोळी, आणि या प्रश्नाला उत्तर नाही. मी उलट विचारते, रायफल कुठली, आणि तिच्यातून आजवर काय काय मारून बघितलंय? यावर बहुतेक पालक एकमेकांकडे बघतात. दोन-अडीच लाखांची रायफल घेताना महिनाभर चौकशी केलेली असते, आणि तिच्यात जे जाणार ते मात्र कुणीतरी सांगितलं म्हणून आणलेलं असतं.

परदेशात सेंटरफायर रायफल वापरणारे लोक काडतूस स्वतः भरतात आणि आपल्या रायफलच्या चेंबरला, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीला, हजारांश इंचापर्यंत जुळवून घेतात. एअर रायफलवाल्यांच्या हातात ते नाही. पेलेट जसं डब्यातून येतं तसंच मारायचं. म्हणून आपल्याकडे जुळवणं म्हणजे निवडणं, आणि निवडताना घाई केली की पुढचं वर्षभर त्याची किंमत मोजावी लागते. ती किंमत बहुतेक वेळा मूल मोजतं, म्हणून हे सगळं लिहायला बसले.

आधी पेलेट बॅरलमध्ये, म्हणजे रायफलच्या नळीत, काय करतं ते बघू. दहा मीटरचं पेलेट ४.५ मिलिमीटरचं, मऊ शिशाचं, पुढून सपाट, कमरेत बारीक, मागे पोकळ. पुढचं डोकं बॅरलच्या आतल्या आट्यांच्या, म्हणजे पेलेटला फिरवणाऱ्या पिळदार खाचांच्या, मधल्या उंचवट्यांवर टेकून सरळ चालतं. मागचा पातळ घेर, ज्याला आपण स्कर्ट म्हणतो, हवेच्या दाबाने फुलून आट्यांच्या खाचांत बसतो आणि हवा निसटू देत नाही. डोकं बारीक असेल तर पेलेट आत किंचित डुलतं. जाड असेल तर जास्त घासतं आणि वेग शॉटगणिक बदलतो. डब्यावर ४.४९, ४.५०, ४.५१ असे आकडे असतात ते या डोक्याचे. एकाच कारखान्यात, एकाच दिवशी बनलेली दोन बॅरलंसुद्धा आतून तंतोतंत सारखी नसतात. तुमच्या बॅरलला काय आवडतं हे फक्त ते बॅरलच सांगू शकतं.

पदकवाल्याच्या बॅगेतला डबा

ही सगळ्यात महागडी चूक, आणि सगळ्यात जास्त वेळा बघितलेली.

सिंहगड रोडची एक मुलगी, नववीतली. शांत, मेहनती, ६० शॉटच्या मॅचमध्ये ६१८ गुणांच्या आसपास स्थिरावलेली. राज्य स्पर्धेत एका सीनियर मुलीने पदक मारलं. या मुलीच्या वडिलांनी त्या सीनियरच्या शूटिंग बॉक्समधला डबा बघितला आणि त्याच कंपनीचे, त्याच साइजचे डबे एकदम वर्षभराचे मागवले. हेतू चांगलाच होता. लेकीला उत्तम ते मिळावं, एवढंच.

स्कोअर ६१३ वर आला. पहिला महिना "सवय होईल" म्हणून गेला. मग तिथल्या प्रशिक्षकांनी स्टान्स, म्हणजे उभं राहण्याची पद्धत, बदलला. मग बट प्लेट, म्हणजे रायफलची खांद्याला टेकणारी पट्टी, खाली-वर झाली. मग रोज सकाळी योगासनं लावली, मग घरात मोबाइल काढून घेतला. मुलगी माझ्याकडे आली तेव्हा खांदे पाडून उभी होती. "ताई, माझं लक्षच लागत नाही," हे तिचं पहिलं वाक्य.

मी तिची डायरी मागितली. ही मुलं प्रत्येक शॉटचा कॉल लिहितात, म्हणजे ट्रिगर सुटला त्या क्षणी साइट, म्हणजे नेम धरायचं साधन, कुठे दिसली त्यावरून अंदाज, आणि शेजारी प्रत्यक्ष गुण, एका शॉटला जास्तीत जास्त १०.९. पानामागून पान एकच गोष्ट दिसत होती. कॉल १०.६, शॉट १०.१ डावीकडे. कॉल १०.५, शॉट १०.२ खाली. कॉल १०.२ वर, शॉट १०.८. ज्या मुलीचं लक्ष लागत नाही तिचे कॉल असे नेटके नसतात. चूक तिची असती तर शॉट एका बाजूला गेले असते, काहीतरी सूत्र दिसलं असतं. इथे सूत्रच नव्हतं. तिला आपला शॉट नीट दिसत होता, पेलेट भलतीकडे जात होतं.

रायफल क्लॅम्पवर, म्हणजे तिला घट्ट धरून ठेवणाऱ्या शिकंज्यात, चढवली. नव्या डब्यातले दहा शॉट: बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत ७ मिलिमीटर. तिच्या बॅगेत तळाला जुन्या डब्यातली थोडी पेलेट्स उरली होती. त्यांचा ग्रुप, म्हणजे भोकांचा पसारा, ५.३. वडील शेजारीच उभे होते. म्हणाले, "पण मॅडम, जुनाही याच कंपनीचा, आणि तोही ४.५० च आहे." मी दोन्ही डबे उलटे करून त्यांच्या हातात दिले. कंपनी तीच, साइज तीच, बॅच नंबर वेगळा.

बॅच म्हणजे काय? पेलेट साच्यात दाबून बनतं. साचा झिजतो, बदलला जातो, शिशाच्या तारेचा लॉट बदलतो. प्रत्येक बॅच थोडी वेगळी निघणारच, कंपनी कितीही नावाजलेली असो. आरडब्ल्यूएस आर१० घ्या, एच अँड एनचं फिनाले मॅच घ्या, जेएसबी घ्या, चीनचं किआंग युआन घ्या, सगळ्यांना हे लागू आहे. डब्यावर ४.५० लिहिलंय म्हणून आतलं प्रत्येक डोकं मापात ४.५० भरत नाही.

आता हिशेब करा. दहा मीटरच्या टार्गेटवर ०.१ गुण म्हणजे पाव मिलिमीटर. ग्रुप ७ चा, म्हणजे पेलेटचं ४.५ वजा करून केंद्र ते केंद्र २.५. रायफल दगडासारखी स्थिर धरली तरी टोकाचे शॉट केंद्रापासून सव्वा मिलिमीटरवर, म्हणजे १०.५. ग्रुप ५.३ चा असेल तर टोकाचा शॉटही १०.८. माणसाच्या हाताची थरथर यात आणखी मिसळते, त्यामुळे सगळा फरक सरळ स्कोअरमध्ये उतरत नाही. पण शॉटमागे सरासरी ०.१ गेला तरी ६० शॉटला ६ गुण गेले. तिचे पाच जात होते.

जुन्या बॅचशी जुळणारी बॅच शोधून काढल्यावर कॉल आणि शॉट लगेच जुळायला लागले. स्कोअर मात्र लगेच आला नाही. बदललेला स्टान्स आणि हललेली बट प्लेट पूर्ववत करायला, आणि "माझं लक्ष लागत नाही" हे तिच्या मनातून काढायला फार वेळ गेला. मला राग येतो तो याचा. डब्याची चूक डब्यात शोधली असती तर अर्ध्या दिवसात सापडली असती.

ते उरलेले डबे वाया गेले नाहीत, हेही सांगते. हडपसरच्या एका मुलाच्या रायफलमध्ये त्याच बॅचने ५.२ चा ग्रुप दिला. तो आजही तीच मारतो. एका बॅरलने नाकारलेलं पेलेट दुसऱ्याने डोक्यावर घेतलं. म्हणून कुठल्याही पेलेटला सरसकट चांगलं किंवा वाईट म्हणणाऱ्याचं मी ऐकत नाही, मग तो कितीही मोठा शूटर असो.

मी काय करते: आधी प्रत्येक बॅचचा एकेक डबाच मागवते. त्यातून निवड झाली की त्याच बॅच नंबरचे डबे हवेत असं विक्रेत्याला लिहून कळवते. आले की प्रत्येक डबा उलटा करून नंबर बघते. "सेमच आहे मॅडम" हे उत्तर मी स्वीकारत नाही.

पाच शॉटचा निकाल

दुसरी चूक जरा शिकल्यासवरल्या लोकांची. क्लॅम्प आहे, बारीक अंतर मोजायचा व्हर्नियर आहे, एक्सेल शीट आहे, फक्त धीर नाही.

भोसरीत स्वतःचं वर्कशॉप असलेल्या एका वडिलांनी मुलासाठी टेस्टिंगचा क्लॅम्प स्वतः बनवला. काम देखणं होतं, जबडे घासून आरशासारखे केलेले. सुट्टीच्या दिवशी शेडमध्ये दहा मीटर मोजून, मागे जाड पत्रा लावून, सात प्रकारची पेलेट्स तपासली. प्रत्येकी पाच शॉट. एकाचा ग्रुप ४.९ आला. लगेच त्याची मोठी ऑर्डर गेली. मुलाचा स्कोअर हलला नाही तेव्हा ते शीट घेऊन माझ्याकडे आले.

आम्ही तीच सात पुन्हा मारली. पहिल्या आलेल्या पेलेटने या वेळी ६.१ दिला. शेवटून पहिल्या आलेल्याने ५.४. त्यांचा चेहरा उतरला. "मग आमचं सगळं चुकलं का?" मोजमाप चुकलं नव्हतं. मोजायला घेतलेले शॉट कमी होते.

पाच शॉटच्या ग्रुपमध्ये नशिबाचा भाग फार मोठा असतो. जे पेलेट सरासरीने केंद्र ते केंद्र एक मिलिमीटरचा ग्रुप देतं, तेच पाच शॉटला कधी अर्धा मिलिमीटर दाखवेल, कधी दीड. पेलेट तेच, बॅरल तेच, काहीही बदललेलं नाही. सात प्रकारांत प्रत्येकाला एकदाच संधी दिली तर जिंकतं ते बहुधा त्या दिवशी नशीबवान ठरलेलं पेलेट. तीन शॉटवर निर्णय घेणारेही मी पाहिलेत. त्यांनी चिठ्ठ्या टाकल्या असत्या तरी फारसा फरक पडला नसता, आणि पेलेट्स तरी वाचली असती.

माझी पद्धत अशी. पेलेट बदललं की पहिले दहा शॉट मोजत नाही, ते नुसते बॅरलमधून जाऊ द्यायचे, आधीच्या शिशाचा थर जाऊन नव्याचा बसू द्यायचा. मग दहा-दहा शॉटचे तीन ग्रुप, प्रत्येक ग्रुपला कोरा कागद. कागद खऱ्या टार्गेट कार्डाचा हवा. वहीच्या पातळ कागदावर भोक फाटतं आणि व्हर्नियर कुठे टेकवायचा तेच कळत नाही. तिन्ही ग्रुपची सरासरी. दोन पेलेट्समध्ये दोन-तीन दशांश मिलिमीटरहून कमी फरक असेल तर मी त्यांना सारखंच धरते आणि ज्याचे जास्त डबे मिळतील ते घेते. लोकांना हे पटत नाही. त्यांना पहिला नंबर हवा असतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, साक्षीदार पेलेट. ज्याचा ग्रुप मला आधीपासून माहीत आहे असं एक पेलेट मी सकाळी सगळ्यात आधी मारते, आणि सगळं संपल्यावर पुन्हा मारते. दोन्ही ग्रुप जुळले तर मधलं सगळं ग्राह्य. शेवटचा बिघडला तर त्या दिवसाचं सगळं रद्द, कागद फाडून टाकायचे, कारण मधे कधीतरी क्लॅम्प हलला, दाब उतरला किंवा एखादा स्क्रू ढिला झाला, आणि नेमका कधी ते आता कळणार नाही. भोसरीच्या शेडमध्ये कमी शॉटच्या जोडीला हेही होत होतं. भिंतीपलीकडच्या शॉपमधला कॉम्प्रेसर सुरू झाला की टेबलाला हादरे बसायचे, ग्रुप उभा लांबायचा. साक्षीदार ठेवला असता तर पहिल्याच दिवशी लक्षात आलं असतं.

क्लॅम्पबद्दल आणखी थोडं. रायफल ॲक्शनपाशी, म्हणजे पेलेट भरतो त्या मधल्या यांत्रिक भागापाशी, धरायची, बॅरल जबड्यात आवळायचं नाही. आवळलेलं बॅरल प्रत्येक वेळी वेगळं वागतं. टेबल जड हवं, शक्यतो जमिनीत बसवलेलं. कॉकिंगचा लिव्हर हळू फिरवायचा, कारण टेस्टिंगमध्ये क्लॅम्प हलतो तो बहुतेक त्याच झटक्याने. आणि लांब गेलेला एक शॉट "हा फ्लायर, हा धरू नका" म्हणून वगळायचा नाही. स्पर्धेत तो वगळता येत नाही. दर दहात एक शॉट बाहेर फेकणारं पेलेट मला नकोच आहे, मग बाकीचे नऊ एका भोकात का जाईनात.

खांद्यावर रायफल घेऊन पेलेट निवडणाऱ्यांबद्दल काय लिहू? उभ्याने मारलेल्या शॉटमध्ये हाताची थरथर पेलेटच्या फरकापेक्षा कितीतरी मोठी असते. क्लॅम्प मिळत नसेल तर निदान बसून, सँडबॅगवर टेकवून मारा. तेही नसेल तर ज्या अकॅडमीत क्लॅम्प आहे तिथे एक सकाळ मागून घ्या. पुण्यात शोधलं तर मिळतं.

ग्रुपचा आकार बघायला शिका

आकडाच सगळं सांगत नाही. भोकांची मांडणी बघा.

उभा लांबलेला ग्रुप म्हणजे वेग कमी-जास्त होतोय. हवेच्या सिलिंडरचा दाब, तो दाब सारखा ठेवणारा रेग्युलेटर, नाहीतर बॅरलला जाड होणारं पेलेट. क्लॅम्प वरखाली हलत असेल तरीही तसंच दिसतं, म्हणून आधी क्लॅम्प तपासा. आडवा पसरला तर क्लॅम्प कडेला सरकतोय का ते बघा. दोन वेगळे पुंजके पडले की पेलेटचा विचार सोडा, काहीतरी ढिलं आहे: ॲक्शनचा स्क्रू, बॅरलच्या टोकाचं वजन, क्लॅम्पचा बोल्ट. आणि छान गोल ग्रुप असून अधूनमधून एखादा शॉट भलतीकडे गेला तर चिमटीत पेलेट धरून उजेडात स्कर्ट बघा. दबलेला, अंडाकृती झालेला स्कर्ट नुसत्या डोळ्यांनी दिसतो.

हा स्कर्ट बिघडतो कुठे? कारखान्यात क्वचितच. बॅगेत उघडा डबा खडखडत स्कूटरवरून येतो तेव्हा, टेबलावरून पडतो तेव्हा, आणि मुठीने पेलेट्स काढून अर्धी परत टाकली जातात तेव्हा. शिसं नखाने दबतं इतकं मऊ असतं. डबा जमिनीवर पडला तर तो सरावासाठी बाजूला काढायचा, स्पर्धेला नाही. याच मऊपणामुळे मायक्रोमीटरने एकेक डोकं मोजत बसण्यातही अर्थ नाही. मोजताना तुम्हीच ते दाबता.

एक-दोन ओळींत संपणाऱ्या चुका

सोन्या-चांदीच्या वजनकाट्यावर पेलेट्स तोलून वेगळी करणं. दहा मीटरच्या रायफलचं पेलेट साधारण ०.५३ ग्रॅमचं. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा यात काहीच सांगत नाही, आणि चांगल्या बॅचला त्याची गरजही नसते.

पिस्तुलाची हलकी पेलेट्स स्वस्त मिळाली म्हणून रायफलला वापरणं. एखाद्या बॅरलला ती चालतातही, पण टेस्ट केल्याशिवाय नाही.

वेग वाढवायचा म्हणून व्हॉल्व्हच्या स्क्रूला हात लावणं. मॅच रायफलचा वेग सेकंदाला १७० ते १७५ मीटरच्या आसपास कारखान्यातून लावून येतो. तो तसाच राहू द्या. यूट्यूब बघून स्क्रू फिरवलेल्या रायफली माझ्याकडे येतात आणि त्यांना जाग्यावर आणायला वेग मोजणारा क्रोनोग्राफ घेऊन दिवस घालवावा लागतो.

सिलिंडर कमी दाबावर मारत राहणं. बहुतेक सिलिंडर २०० बारचे. तळाला आला की रेग्युलेटर वेग सांभाळू शकत नाही, शॉट खाली पडायला लागतात आणि बोलणी पेलेटला बसतात. सिलिंडरवरची मुदतही बघा. मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही, आणि ती जबाबदारी शूटरची असते. एप्रिलच्या उन्हात भरलेला सिलिंडर गाडीत ठेवून लक्ष्मी रोडला खरेदीला जाऊ नका. पावसाळ्यात भरताना कॉम्प्रेसरच्या फिल्टरमधलं पाणी आधी काढायला सांगा.

बॅरलमध्ये पितळी ब्रश घालणं, किंवा गंज निघावा म्हणून कुठलातरी स्प्रे मारणं. एअर रायफलच्या बॅरलला फेल्टचे बोळे पुरतात. स्प्रे आत जाऊन सील खातो. आणि स्पर्धेच्या आदल्या रात्री सफाई करायची नाही. साफ केलेल्या बॅरलला पुन्हा रुळायला शॉट लागतात. मी सफाई ग्रुप बिघडल्यावर करते, तारखा बघून नाही.

पेलेट तिरकं ढकलणं, उलटं भरणं, घाईत एकावर एक दोन भरणं. घड्याळ बघून घाबरलेली मुलं हे करतात. भरण्याची क्रिया सावकाश आणि प्रत्येक वेळी सारखी, एवढाच उपाय. ६० शॉटला सव्वा तास मिळतो, तो पुरतो.

पेलेटवर खापर फोडणारे

आता याच्या उलट बाजू, कारण वरचं वाचून काही जण उद्याच सहा डबे मागवतील.

स्कोअर ५८० असलेल्या मुलाला बॅच टेस्टिंगची गरज नाही. ६० शॉटला ५८० म्हणजे शॉटमागे ९.७ च्याही खाली. तिथे मोठा गुण होल्डिंगमध्ये, ट्रिगरमध्ये आणि फॉलो-थ्रूमध्ये, म्हणजे शॉट सुटल्यावरही तसंच स्थिर राहण्यात, दडलेला आहे. एक बऱ्यापैकी पेलेट घ्या, वर्षभर तेच मारा. सहा महिन्यांत चार ब्रँड बदलणाऱ्या नवशिक्यांना मी स्पष्ट सांगते की तुम्ही सराव टाळताय. वाईट एकाच गोष्टीचं वाटतं, की त्यांना कुणीतरी दुकानात, नाहीतर व्हॉट्सॲप ग्रुपवर, "पेलेट बदल, पाच पॉइंट वाढतील" असं सांगितलेलं असतं. मूल त्या पाच पॉइंटांची वाट बघत बसतं.

कॉल आणि शॉट जुळत असतील तर पेलेट निर्दोष आहे. मुलाने १०.१ डावीकडे असा कॉल दिला आणि शॉट १०.१ डावीकडेच गेला, तर रायफलने सांगितलेलं काम केलं. आधी डायरी, मग सगळे स्क्रू, मग साइट हलते का, मग सिलिंडर, आणि सगळ्यात शेवटी पेलेट. हा क्रम मी मोडू देत नाही.

पॉइंट टू-टू वाल्यांसाठी

पन्नास मीटरला जाणाऱ्यांची संख्या २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकनंतर वाढलेली दिसते. बालेवाडीत सराव केलेल्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पोटावर झोपून आणि उभ्याने) कांस्यपदक आणलं, तेव्हापासून दहा मीटरची मुलं त्यासाठी लागणाऱ्या .२२ इंची रायफलबद्दल विचारायला लागली. तिथेही हाच नियम आहे, फक्त जास्त कडक. .२२ चं काडतूस रिमफायर असतं, ठिणगी देणारा मसाला बुडाच्या कडेत भरलेला, त्यामुळे ते घरी भरण्याचा प्रश्नच येत नाही. लॉट, म्हणजे काडतुसांची बॅच, निवडणं एवढंच हातात.

तिथे चेंबरही मधे येतो. मॅच रायफलचा चेंबर इतका तंग असतो की काडतूस बसवतानाच गोळीचं टोक आट्यांमध्ये किंचित रुततं. म्हणून न झाडलेलं काडतूस बाहेर काढताना कधी कधी गोळी आतच राहते आणि दारू चेंबरमध्ये सांडते. तसं झालं तर हात थांबवा आणि रेंज ऑफिसरला बोलवा, स्वतः काही ठोकून काढू नका. एका लॉटच्या गोळीवरचं वंगण दुसऱ्याहून वेगळं असू शकतं, म्हणून लॉट बदलल्यावर बॅरलला रुळायला पेलेटपेक्षा जास्त शॉट द्या. मोठे शूटर जर्मनीत शोनेबेकला लापुआ या काडतूस कंपनीच्या टेस्ट सेंटरवर आपलं बॅरल नेऊन पन्नास मीटरवर लॉटमागून लॉट तपासून घेतात आणि हवा तो लॉट तिथेच राखून ठेवतात. प्रत्येकाला ते शक्य नाही, पण चार-पाच जणांनी मिळून वेगवेगळ्या लॉटचे थोडे थोडे बॉक्स आणले आणि एकाच दिवशी सगळ्यांच्या रायफली क्लॅम्पवर तपासल्या तर प्रत्येकाला आपला लॉट सापडू शकतो. खर्च वाटला जातो. इथे एकमेकांपासून लपवालपवी कशाला करायची? तुमचा लॉट माझ्या चेंबरला बहुधा चालणारच नाही.

साठा करताना

बॅच सापडली की किती घ्यायची? एका डब्यात साधारण ५०० पेलेट्स. मूल दिवसाला ८० शॉट आणि आठवड्याला पाच दिवस मारत असेल तर महिन्याला तीन-चार डबे लागतात. मी निदान परीक्षेपासून परीक्षेपर्यंतचे, म्हणजे वर्षाचे घ्यायला सांगते. ज्यांना एकदम परवडत नाही त्यांनी चांगली बॅच फक्त स्पर्धा आणि त्याआधीच्या दोन आठवड्यांसाठी राखावी, एरवी साधं पेलेट चालेल. मात्र झिरो, म्हणजे शॉट मध्यावर पडावा म्हणून लावलेली साइट, दोन्हींचा वेगळा असतो. साइटचे क्लिक डायरीत लिहून ठेवा.

पुण्याच्या पावसाळ्यात उघडा डबा खिडकीत ठेवला की काही महिन्यांत पेलेट्सवर पांढरट भुकटी दिसायला लागते. ते शिशाचं गंजणं आहे. अशी पेलेट्स पुसून वापरू नका, टाकून द्या, आणि ती भुकटी फुंकू तर अजिबात नका. बंद डबे हवाबंद बरणीत, सिलिका जेलच्या पुडीसकट, कपाटात ठेवा. पेलेट्स धुऊन तेल लावायचं एक खूळ मधेमधे येतं. बंद डब्यातली चांगली पेलेट्स धुवायला मी कुणालाच सांगत नाही.

शिसं विषारी आहे हे प्रत्येक मुलाला पहिल्याच दिवशी सांगा. पेलेट ओठांत धरून दुसरं भरायची सवय काही मुलांना असते, ती त्याच दिवशी मोडा. लेनवर वडापाव नाही, पाण्याची बाटलीसुद्धा झाकण लावून मागे. सराव संपला की साबणाने हात, मगच जेवणाचा डबा. घरी लहान भावंड असेल तर शूटिंगचे कपडे वेगळे धुवा आणि पेलेट्सचं कपाट कुलपात ठेवा.

आणि प्रत्येक डब्यावर, उघडताना, मार्करने तीन गोष्टी लिहा: उघडल्याची तारीख, रायफलचं नाव, टेस्टचा सरासरी ग्रुप. ज्या घरात दोन भावंडं शूटिंग करतात तिथे हे न केल्यामुळे डब्यांची अदलाबदल होते, आणि मग सहा महिन्यांनी दोघांचीही रायफल पुन्हा क्लॅम्पवर चढवायला माझ्याकडे येते.